वीस मिनिटं

नियम मीच केला, अकरा वर्षांपूर्वी:
एका ठिकाणी एक पदार्थ, एक पेला,
आणि वीस मिनिटं झाली की उठायचं.
बिल मागवायचं नाही, सुटे पैसे बशीखाली सरकवायचे,
कारण बिलाची वाट बघणं म्हणजे बसणं,
आणि बसलं की विंग-च्युंगचे कान खिडकीबाहेर जातात.

हाँगकाँगची बोट धक्क्याला लागते तेव्हा चार वाजलेले.
मकावमध्ये आडवाट अशी नाहीच;
कुठूनही निघा, कॅसिनो आडवा जातो
मांजरासारखा, आणि हे मांजर सोन्याचं.
म्हणून नकाशावर माझी पेन्सिलची रेघ:
शाळेमागून, मासळीबाजारातून, पायऱ्यांवरून.
लोकांना वाटतं, म्हातारपणी यांच्या पायाला भिंगरी लागलीय.

आधी आदेलिनाकडे, चढावर.
खिमा, त्यात फाशांएवढे बटाट्याचे चौकोन
(हे मी तिच्याकडे कधी बोलले नाही),
वर अंडं, आणि कोवळ्या पोर्तुगीज वाइनचा घोट.
"यंदाही घाई?"
"यंदाही," तो म्हणतो,
आणि बलक पावाने पुसून घेतो, बशी लख्ख.
अठरा मिनिटं.

मग तीन दिव्यांच्या चौकाकडे,
रंगूनहून आलेल्या बाईच्या नूडल्स, नारळाच्या दुधातल्या.
स्टुलं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला.
मला ती स्टुलं फार आवडतात.
त्याने लिंबू पिळलं, माझ्याही वाडग्यात,
न विचारता.

पुढे गहाणवटीची दुकानं.
काचेमागे घड्याळं, प्रत्येकात वेगळे वाजलेले.
इथे मी त्याच्या डाव्या बाजूने चालते
आणि उगाच दुखऱ्या दाताबद्दल बोलते.
यांतल्याच एका काचेत एकदा त्याच्या वडिलांचं घड्याळ होतं.
एकदा माझ्या बांगड्या.
दात खरंच दुखतो, पण इतका नाही.

तिसरा बार. रोवेना गात होती, सेबूची,
गाताना मुलीला मेसेजही पाठवत होती, टेबलाखालून.
बिअर. तळलेली कोळंबी.
आणि मला जायची गरज पडली,
आणि बारमधलं बंद.

जवळचं स्वच्छ स्वच्छतागृह कुठे असतं,
ते या शहरात कुणीही सांगेल.
"इथेच थांब," मी म्हटलं.

परतताना गालिच्यावर पावलं वाजेनात.
एका टेबलाशी माझ्याच वयाची बाई, स्वेटरचं एक बटण तुटलेलं,
समोर काचेच्या घुमटाखाली तीन फासे.
लहान. लहान. लहान.
चौथ्यांदा लहान.
तिने पुन्हा लहानवर लावले, वेडी,
आणि मला कळलं.
अंदाज नव्हे, कळलंच, जसं दूध उतू जाणार हे कळतं
पाठ वळलेली असताना.
मुठीत टॅक्सीचे पाचशे डॉलर होते.
ते पर्समधून कधी निघाले, देव जाणे.

कोपराला कुणीतरी धरलं.
तो. अकरा वर्षांत पहिल्यांदा आत,
नजर गालिच्यावरच्या फुलांवर ठेवून,
विहिरीच्या काठावरून चालावं तसा आलेला.
"वीस मिनिटं होऊन गेली," म्हणाला,
"पुढचं दुकान दहाला बंद होतं."
मागे घुमट उघडल्याचा आवाज झाला.
मी वळले नाही. त्याने माझी बाही सोडली नाही.

रस्त्यावर आल्यावर, अगदी हळू:
"काय पडलं?"
"बघितलं नाही."
चार पावलं तो गप्प.
"मोठं," म्हणाला. "मोठंच पडलं असणार."

चौथ्या दुकानात खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होते.
आमच्यासाठी दोन सरळ केल्या.
क्रीम, त्यावर बिस्किटांचा चुरा; इथले लोक त्याला भुसा म्हणतात.
एकच वाटी, दोन चमचे.
पोराने फरशी पुसली, आमच्या पायांपर्यंत आला,
आम्ही पाय उचलले,
तो खालून पुसून गेला.
आम्ही पाय परत खाली ठेवले.